मुखत्याराचं मानधन

“मानधन म्हण. पगार म्हटलं की घरात नोकर ठेवल्यासारखं वाटतं,” बाबा म्हणाले.

“काहीही म्हणा, पण द्या,” दादा म्हणाला.

गुडघ्यांनी जिना उतरायला नकार दिला तेव्हा बाबांनी दादाच्या, म्हणजे थोरल्या मुलाच्या नावे मुखत्यारपत्र केलं होतं. तेव्हापासून बँक, पेन्शन, वीजबिल, भाडेकरू, सगळं दादाच्या गळ्यात. ऑफिसातल्या रजा संपून आता पगार कापला जात होता. बायकोने त्याबद्दल बोलणं सोडलं होतं; ती नुसती बघायची. धाकटी बहीण फोनवर म्हणाली, “घे रे. मी करत असते तर मीही घेतले असते.” ती करणार नव्हती, त्यामुळे एकमत लगेच झालं.

दादाने बाबांच्या खात्याचा चेक लिहिला. घेणारा दादा. सही दादाची.

काउंटरवरच्या बाईंनी तो उलटसुलट पाहिला.

“देणारे तुम्हीच, घेणारेही तुम्हीच?”

“वडिलांची कामं करतो, त्याचे आहेत.”

“असतील हो. पण यावर वडिलांची सही आणा.”

बाबांनी घरी सही केली. हात थरथरला. सही जुळेना.

“समोर येऊन करू देत,” बाई म्हणाल्या.

“ते येऊ शकत नाहीत म्हणून तर मी आहे ना, मॅडम.”

बाईंनी पुढच्या माणसाकडे पाहिलं.

जिना. खुर्ची. शेजाऱ्यांचे सल्ले. खुर्ची वळणावर अडकली. सल्ले वाढले. वैतागून बाबा खुर्चीतून उठले आणि कठडा धरून चालत उतरले.

बँकेत मॅनेजर केबिनमधून बाहेर आले. “काका, तुम्ही कशाला रांगेत? आत या.” चहा आला. सही झाली. आलोच आहोत तर म्हणून बाबांनी ठेवीचं नूतनीकरण केलं, आणि पेन्शनच्या ज्या कागदासाठी दादाने चपला झिजवल्या होत्या, तो चहा निवायच्या आत मिळवला.

परतताना टॅक्सीत बाबा खुशीत होते.

“तुला रांगेत उभं करतात?”

“करतात.”

“हं. याला म्हातारा माणूसच लागतो.”

दादाने पेन्शनचा कागद घडी करून खिशात ठेवला.

“तुझीही कामं तुंबली असतील,” बाबा म्हणाले. “माझ्या नावे मुखत्यारपत्र करून टाक.”

“आणि पैशांचं?”

“आज तू घेतलेस तेवढेच दे. घरचा माणूस म्हणून वाढवत नाही.”