पास्टर राजपाल आणि व्हॉइस टायपिंग

एका शनिवारी पास्टर राजपाल यांनी ठरवलं, की नवे विचार आता नव्या माध्यमातून मांडायचे. वाशीच्या त्यांच्या चर्चची मंडळी चाळीस माणसांची. पण देवाला बाप म्हणतो तसं आईही म्हणता येतं आणि बाईनं उपदेश केला तर चर्चचं छत कोसळत नाही, हे पटवायला त्यांना सहा वर्षं पुरली नव्हती. मंडळीतले वडीलधारे गुलाबराव तर "बायबलात हे कुठं लिवलंय?" म्हणत बिशपांकडं तक्रार करायला निघाले होते.

पास्टरांची बोटं जाड. (एक अक्षर दाबलं की शेजारची दोन उमटायची.) म्हणून त्यांनी स्वयंपाकघरात खुर्ची टाकली, व्हॉइस टायपिंग लावलं आणि डोळे मिटून बोलायला सुरुवात केली. त्यांच्या पत्नी क्षमाबाई शेजारीच भाकरी थापत होत्या. त्या मधूनमधून काही म्हणत, पास्टर नुसतं हुं करत. शेवटी आमेन म्हणून त्यांनी संदेश न वाचताच मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडला.

ते जेवायला बसले आणि मंडळीतल्या चांगुणाबाईंचा फोन आला. "पास्टर, लई रडू आलं बघा."

"कुठल्या वाक्याला?" पास्टर सुखावून म्हणाले.

"देव आईसारखा आहे सकाळपासून उभी आहे चहा घेतलास का म्हणून कुणी विचारलं का. ह्या वाक्याला."

पास्टरांनी घास ताटात ठेवला. त्यांनी संदेश उघडला. 'नरक म्हणजे देवाची भट्टी नव्हे गॅस संपत आलाय तीनदा सांगितलं. ख्रिस्त सगळ्यांना बोलावतो पण ऐकतंय कोण.'

"डिलीट करतो," ते पुटपुटले.

"खोटं असंल तर करा," क्षमाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात दारात गुलाबराव. पास्टर चटकन उठून उभे राहिले.

"सहा वर्षं तुमचं ऐकतुय," गुलाबराव म्हणाले, "नवा विचार काय ते आज उमगलं. म्या आज घरी बायकोला चहा केला."

"घेतला का त्यांनी?" क्षमाबाईंनी विचारलं.

"साखर ऱ्हायली टाकायची. पण घेतला."

पास्टरांना भरून आलं. "म्हणजे बाईनं उपदेश करायला तुमची हरकत नाही?"

"न्हाय. उद्या चर्चात क्षमाबाईच बोलतील, ग्रुपवर ठरलंय."

"आणि मी?"

"तुमी फोन धरा, लाइव्ह करायचंय." गुलाबराव जरा घुटमळले. "जाड बोटांनी जमत नसंल तर सांगा. आमचा जावई धरंल."