धाकटं आधी

पोह्यांत बटाटा घालायचा की नाही, हे आमच्या शेजारच्या सुलभामावशींच्या घरी मतदानानं ठरतं. आणि पहिलं मत सगळ्यात धाकट्याचं! मी लेकीला घेऊन पहिल्यांदा गेले, तेव्हा ती सहा महिन्यांची होती. मावशींनी चष्मा सावरून तिलाच विचारलं, "तुमचं मत?" तिनं जांभई दिली. मावशींनी वहीत लिहिलं, 'तटस्थ.'

मावशी म्हणजे साधं प्रकरण नाही हो. साताऱ्यात वकिली, लग्नानंतर इकडे अमेरिकेत येऊन कायदा शिकवणं, आणि मग थेट मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीश. भल्याभल्या सरकारांना जाब विचारलेली बाई! निवृत्तीनंतर, तीन वर्षांपूर्वी, त्या इथे नेपरव्हिलला, आमच्या शेजारी, लेकीकडे राहायला आल्या आणि तेव्हापासून आम्हाला जाब विचारताहेत. दोन घरांमधला बर्फ कुणी उपसायचा, अशी तक्रार मी नेली की म्हणतात, "कारणं द्या." दिली, की "नोंद घेतली." बर्फ मीच उपसते, ते सोडा.

त्यांच्या न्यायालयात म्हणे एक रीत होती. सुनावणी संपली की सगळे न्यायाधीश दार लावून बसायचे आणि त्यांच्यात जो सगळ्यात नवा, त्यानं आधी बोलायचं. ज्येष्ठांनी आधी तोंड उघडलं की नवखे नुसत्या माना डोलावतात, म्हणून. मावशींचा पहिलाच खटला कोठडीतून गायब झालेल्या एका मुलाचा होता. "सगळ्यात नवी मीच गं. म्हटलं, ती आई खरं बोलतेय. माझ्यानंतर एकेकानं तेच म्हटलं." हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलतो, की मी कितव्यांदा ऐकतेय ते सांगवत नाही.

घरी या रीतीचं त्यांनी 'धाकटं आधी' करून टाकलं. स्वतः थोरल्या, म्हणून कायम शेवटी.

गेल्या महिन्यात त्यांच्या जावयाला, निखिलला, विमानानं चार तासांवरच्या बेलव्ह्यूला जॉब मिळाला. मावशींनी लगेच रविवारी नाश्त्यानंतर सुनावणी लावली. मलाही बोलावणं, 'शेजारी पक्ष' म्हणून. बोलायचं मात्र घरच्यांनंतर. लेकीला कडेवर घेऊन मी गेले. वही उघडीच होती. दुसऱ्याचं वाचू नये, कळतं मला, पण वाचलं. पानाच्या तळाशी निकाल आधीच लिहिलेला: 'तुम्ही जा. मी इथेच एकटी राहीन.'

"धाकटं आधी. इरा, बोल."

नात इरा नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, बोलते इंग्लिश. "नो. आजी फर्स्ट."

"तसा नियम नाही."

"यू सेड न्यूएस्ट! आय वॉज बॉर्न इन धिस हाउस. यू केम थ्री इयर्स अगो. यू आर द न्यूएस्ट, आजी."

सरकारांच्या चुका काढणाऱ्या बाईंची चूक नातीनं काढली! तीन वर्षं स्वतःचाच नियम चुकीचा लावत होत्या. निखिलनं हसू दाबायला कप तोंडाला लावला. कप रिकामा होता.

"बोल ना, आई," त्यांची लेक मानसी म्हणाली.

मावशींनी वही बाजूला सारली. "मला तुमच्याबरोबर यायचंय. पण येतेस का, असं कुणी विचारलंच नाही. म्हटलं, उगाच अडचण नको."

"विचारायचं काय त्यात? तुझ्या खोलीत ऊन येईल असं घर तिकडे मिळेना, म्हणून तर अडलंय सगळं!" मानसी रडायलाच लागली.

मग इरा, मानसी, निखिल, सगळे एकमतानं. मावशींनी ती तळाची ओळ खोडली, चांगली दोनदा. राहिले मी.

"मावशींनी जाऊ नये," मी म्हणाले. "माझं एकटीचं वेगळं मत."

"कारणं द्या."

गंमत म्हणून बोलायला गेले, पण तोंडून निघालं ते खरं कारण. "तुम्ही गेल्यावर माझ्या लेकीला तिचं मत कोण विचारणार?"

मी 'नोंद घेतली'ची वाट बघत होते. मावशींनी पेन खाली ठेवलं, लेकीला माझ्याकडून घेतलं आणि छातीशी धरलं. मग डोळे पुसून तिला म्हणाल्या, "बेलव्ह्यूला मला भेटायला येणार? तुमचं मत?"

लेकीनं त्यांचा चष्मा ओढला.

"होकार," मावशी म्हणाल्या, आणि तिला कडेवर घेऊनच वहीत लिहून घेतलं.