बिनलोखंडी चाक

शनिवारी सकाळी अंब्रुशच्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीवर अठरा उशा होत्या, चार दुलया, पिसांच्या दोन गाद्या, फुलं रंगवलेला एक पलंग, एक चरखा, एक रिकामा पाळणा, आणि सगळ्याच्या वर, अठराव्या उशीवर, नवरीची धर्माची आई त्रेस्कामावशी. खाली चार चाकं होती. चार चाकांत मिळून अठ्ठेचाळीस आरे. आणि लोखंड? टाचणीएवढंसुद्धा नव्हतं.

गेले पाच महिने अंब्रुश हेच तर गावाला सांगत होता.

पातकफाल्वा गावात चाक करायला दोन माणसं लागत. मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे आणि कडेचे वाकवलेले तुकडे, म्हणजे पुठ्ठे, असं सगळं लाकूडकाम अंब्रुशचं. त्यावर लोखंडी पट्ट्याची तापलेली धाव चढवून ती गार पाण्याने आवळायची, हे मोझेश लोहाराचं. चाक टिकलं तर ते दोघांचं असे, मोडलं तर दुसऱ्याचं. अशी छान वाटणी वीस वर्षं चालली होती. मग मागच्या हिवाळ्याआधी गिरणीवाल्याच्या गाडीचं एक चाक पिठाच्या पोत्यांसकट भर रस्त्यात बसलं. अंब्रुश म्हणाला, धाव इतकी घट्ट केली की लाकडाचा गळा आवळला गेला. मोझेश म्हणाला, लाकूड इतकं ओलं होतं की त्यात अजून चिमण्या राहत होत्या. त्या दिवसापासून दोघे रस्त्यात भेटले की एक आभाळाकडे बघे आणि दुसरा आपल्या बुटांकडे.

अंब्रुशची इल्का आणि मोझेशचा देनेश मात्र एकमेकांकडेच बघत राहिले होते. वसंतात त्यांनी घरी सांगितलं की आपण लग्न करतोय.

साखरपुडा बरा चालला होता. आलुबुखाऱ्याच्या दारूचा तिसरा पेला झाला आणि कुणीतरी विचारलं की पलंग कोणत्या गाडीतून जाणार. त्या गावात लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीचा पलंग गाडीतून, उशांचा डोंगर रचून, लांबच्या रस्त्याने सगळ्या गावाला दाखवत नवऱ्याच्या घरी जातो. पोचला की अर्धं लग्न लागलं. वाटेतून परत फिरला तर नवरीच परत फिरली असं धरतात, आणि मग तिला दुसरं गाव बघावं लागतं.

अंब्रुश म्हणाला, गाडी माझी, पण माझ्या पोरीचा पलंग या माणसाच्या लोखंडावर बसून जाणार नाही. मोझेश म्हणाला, मग बिनलोखंडी चाक माझ्या फाटकातून आत येणार नाही. दोघांनी चौथा पेला घेतला आणि सगळ्यांसमोर हातावर हात मारला. आपल्याला वाटेल तो हट्ट धरायला माणसाला पोरांच्या लग्नासारखी दुसरी चांगली जागा नाही.

दुसऱ्या दिवसापासून अंब्रुश विचाराला लागला. चाक मोडतं कुठे? सांध्यात. सहा पुठ्ठे, म्हणजे सहा सांधे. ते उघडू नयेत म्हणून तर धाव लागते. मग सांधेच काढून टाकले तर? ॲश झाडाचं चार मीटरचं सरळ लाकूड वाफेवर मऊ करायचं, वळवून एकसंध कडं करायचं, दोन टोकं एकमेकांवर चढवून सरसाने चिकटवायची आणि लाकडी मेखा ठोकायच्या. सांधा एकच. लोखंड शून्य. तर्कात कुठेही फट नव्हती.

वाफेसाठी त्याने बायकोची, वेरोनची, मुरंब्याची तांब्याची कढई घेतली. वेरोनने परत मागितली तेव्हा तो म्हणाला की शोधकार्य चालू आहे. पहिली पाच लाकडं वळता वळता मोडली. सहावं वळलं, पण शिकंज्यातून सुटून असं झटक्यात सरळ झालं की वाटेतलं एक बदक कुंपणावरून उडून शेजारणीच्या अंगणात पडलं. शेजारीण म्हणाली, ते आधीपासून तिचंच होतं. सातवं लाकूड मात्र गुमान वळलं आणि वळलेलं राहिलं.

पुढे परीक्षा. अंब्रुशने एक चाक चर्चच्या टेकडीवरून सोडलं. ते पाद्रीबाबांचं कुंपण आणि मधमाश्यांची दोन खोकी पार करून गवताच्या गंजीत थांबलं. पाद्रीबाबांचा चेहरा आठवडाभर ओळखू येत नव्हता. चाकावर एक ओरखडा होता. नंतर चारही चाकं गाडीला लावून त्याने वर दारूची नऊ पिंपं ठेवली आणि पिंपांवर गावातले सर्वांत जाड पाच जण बसवले. चाक कुरकुरलंसुद्धा नाही. जाड माणसं कुरकुरली, कारण पिंपं भरलेली होती आणि उघडायची नव्हती. गावाला पटलं. गिरणीवाल्यालासुद्धा पटलं. ओल्यात काय होईल, हे कुणीच विचारलं नाही. त्या उन्हाळ्यात पाऊस असा गायब झाला होता की पाणी ही गोष्ट फक्त ओढ्यात उरली होती, तीही गुडघाभर.

शुक्रवारी नवऱ्याकडची पोरं रिवाजाप्रमाणे रिकामी गाडी सजवायला ओढ्याकाठी घेऊन गेली. शनिवारी सकाळी ती रोझमेरीच्या डहाळ्या आणि लाल फिती लावून परत आली. चाकांचा रंग गडद आणि तुकतुकीत दिसत होता. पोरांनी तेल चोळलेलं दिसतंय, असं अंब्रुशला वाटलं, आणि व्याह्याच्या घरात एकाला तरी कदर आहे म्हणून तो मनातून सुखावला. उशा रचल्या गेल्या. त्रेस्कामावशीला चार जणांनी वर चढवलं. करड्या बैलांची लांब शिंगं हलली आणि गाडी निघाली.

गावच्या विहिरीपर्यंत सगळं ठीक होतं. चर्चपाशी एका चाकातून आवाज आला, झोपेतल्या गायीने कूस बदलावी तसा. अंब्रुश गाडीच्या बाजूने टोपी तिरकी करून चालत होता. तो लोकांना म्हणाला की लाकूड बसतंय. गिरणीपाशी चारही लाकडं बसायला लागली. वरून मावशी गाणं म्हणत होती, तिला काही ऐकू आलं नाही.

मग ओढा आला. पलीकडे मोझेशचं घर. ओढ्याच्या मधोमध, रिवाजाप्रमाणेच, गावातल्या पोरांनी दोर आडवा धरून गाडी अडवली आणि दारू मागितली. सौदा नेहमीसारखा लांबला. बैल पाणी प्यायले. पोरं सहा बाटल्या म्हणत होती, अंब्रुश तीन. साडेचारवर गाडं आलं होतं, तेवढ्यात मागच्या डाव्या चाकाच्या सरसाने जीव सोडला. मेखा एकेक करून बाटलीच्या बुचासारख्या निघाल्या. कडं शांतपणे, आळोखेपिळोखे देत उघडलं. आरे हाताच्या बोटांसारखे पसरले. गाडीचा तो कोपरा पाण्यात टेकला. मग उजवा. मग पुढचे दोन्ही, एकदमच, जणू आधी कोण यावर त्यांचं बोलणं झालं होतं.

अठरा उशांपैकी दोन ओढ्यातून खालच्या गावाकडे निघाल्या. मावशी होती तिथेच होती, फक्त एक मीटर खाली.

पलीकडच्या काठावर मोझेश उभा होता. अंब्रुशने त्याच्याकडे बघितलं, मग चाकांच्या गडद रंगाकडे, आणि मग त्याला कळलं की ते तेल नव्हतं.

"रात्रभर ओढ्यात कुणी ठेवली गाडी?" त्याने विचारलं.

पोरं मोझेशकडे बघायला लागली.

"मी सांगितलं ठेवायला," मोझेश म्हणाला. "उन्हाळा असा. सगळ्या गावाची चाकं खिळखिळी झालीत. लग्नाची गाडी आहे, लाकूड फुगून घट्ट होऊ दे म्हटलं. शेवटी माझ्याच सुनेचा पलंग."

"माझं भलं करायला गेलास?"

"हो."

"दहा महिन्यांत रामराम नाही, आणि एकदम भलं?"

"चुकलं," मोझेश म्हणाला. "पुन्हा नाही करणार."

कुणाला हसावं की नाही ते कळेना. मोझेशने सांगितलेली गोष्ट खरी होती, आणि तीच मोठी पंचाईत होती. धाव असलेलं चाक भिजलं की फुगून धावेत गच्च बसतं. लोखंडच नसलं तर लाकडाला धरून ठेवणार कोण? वाफेवर वळवलेल्या लाकडाला पाणी लागलं की त्याला आपलं सरळपण आठवतं. मोझेशला हे ठाऊक नव्हतं, कारण त्याने बिनलोखंडी चाक जन्मात बघितलं नव्हतं. अंब्रुशला ठाऊक नव्हतं, कारण त्याने सगळी परीक्षा कोरड्यात घेतली होती.

आता काय, यावर ओढ्यातच सभा भरली. गिरणीवाला म्हणाला, माझी गाडी आणतो. तिला मोझेशची धाव होती. अंब्रुशने नकारार्थी मान हलवली. कुणी म्हणालं, खांद्यावरून नेऊ. बायकांनी त्याला गप्प केलं. त्या गावातून खांद्यावरून माणूस एकदाच जातो, आणि तो लग्नाला जात नाही. कुणीतरी हळूच म्हणालं की मग परत न्यावी. ते वाक्य संपायच्या आत इल्का आली. अनवाणी, एक वेणी घातलेली आणि दुसरी सुटलेली. ती सरळ पाण्यात उतरून बापासमोर उभी राहिली. देनेश पलीकडून उतरला.

"बाबा," ती म्हणाली, "पलंग मागे फिरला तर मी पुढे जाणार. घरीसुद्धा नाही, चर्चलासुद्धा नाही. सरळ स्टेशनवर. मग तुम्ही दोघं या ओढ्यात बसा आणि लोखंडाचं ठरवा."

"तिच्या तिकिटाबरोबर माझंही आहे," देनेश बापाला म्हणाला.

अंब्रुशला पहिल्यांदाच वाटलं की आपल्या चाकापेक्षा मोठं काहीतरी मोडायला आलंय. पण बोललेला शब्द गिळायचा कसा, ते त्याला कळेना. तो शब्द घशात बोराच्या बीसारखा अडकला होता. समोर मोझेशच्या घशातही तेच बी दिसत होतं.

"झालं का तुमचं?" वरून त्रेस्कामावशी म्हणाली. ती एवढा वेळ उशांवर बसून पाण्याकडे बघत होती. "अंब्रुश, ती मागची दोन कडी बघ. मधे सरळ, दोन्ही टोकं वर वळलेली. थंडीत आपण याला काय म्हणतो?"

अंब्रुशने बघितलं. गुडघाभर पाण्यात, अर्धी उघडलेली दोन ॲशची कडी, टोकं आभाळाकडे करून पडली होती. इतक्या सुंदर वळणाच्या घसरपट्ट्या त्याने ठरवूनही कधी केल्या नव्हत्या.

"बर्फावरची घसरगाडी," तो म्हणाला.

"मग बांधा खाली. आणि मला उतरवू नका, माझे गुडघे धरलेत."

आठ पोरांनी मावशीसकट गाडी उचलली. पुढची दोन्ही कडी आणि तुंबे काठावर फेकले. मागची दोन गाडीच्या आसांखाली घालून, ज्या दोराने गाडी अडवली होती त्याच दोराने आवळली. दारूचा सौदा पाच बाटल्यांवर ठरला, कारण दोर पोरांचा होता. बैलांनी जोर लावला आणि लग्नाची गाडी, सप्टेंबरच्या रणरणत्या उन्हात, धुळीतून घसरत निघाली. असा आवाज गावाने पूर्वी ऐकला नव्हता. कुत्री आधी भुंकली आणि मग घरात गेली.

मोझेश पुढे धावत जाऊन आपल्या फाटकात उभा राहिला. शब्द शब्द असतो.

"बिनलोखंडी चाक आत येणार नाही, असं मी म्हटलं होतं," तो म्हणाला. आवाजात फारसा जीव नव्हता.

"चाक कुठाय, व्याहीबुवा?" मावशीने वरून विचारलं.

मोझेशने वाकून डावीकडे बघितलं. मग उजवीकडे गेला आणि तिथेही बघितलं. मग त्याने फाटकाचे दोन्ही दरवाजे उघडले आणि जरा जास्तच जोरात भिंतीला आपटले. पलंग आत गेला. बायकांनी पाळणा उतरवला, सोळा उशा मोजून घेतल्या, आणि इल्का घरी आपली दुसरी वेणी घालायला गेली.

अंगणात दोघे व्याही उरले. मोझेशने घसरपट्टीखालून बोट फिरवलं, भट्टीवरून मापाचा चिमटा आणला आणि लावला.

"निघताना जाडी किती होती?"

"पन्नास मिलिमीटर," अंब्रुश म्हणाला.

"एकतीस आहे. ओढ्यापासून फाटक चारशे मीटर."

अंब्रुशने मनातल्या मनात भागाकार केला आणि तो पुन्हा एकदा करून बघितला.

"बर्फावर एवढं झिजणार नाही," तो म्हणाला.

"नाही झिजणार."

"तरी खाली काहीतरी लावलेलं बरं. चामडं वगैरे."

"चामडं," मोझेश म्हणाला, आणि बराच वेळ चिमटा पुसत राहिला.

त्या हिवाळ्यात अंब्रुशने अकरा घसरगाड्या विकल्या. मोझेशने त्यांना बावीस लोखंडी पट्ट्या ठोकल्या.