घाबरून शेजारीण नका!

"माझा ब्लॉग स्वतःच्या घरात राहतो, भाड्याच्या नाही!" असं धाकटी ज्याला त्याला ऐकवायची. आणि ते अक्षरशः खरं होतं. बाकीचे लोक कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या जागेत लिहितात. धाकटीचा सर्व्हर तिच्या घरी, चपलांच्या कपाटात, खालून दुसऱ्या कप्प्यात होता. एक जुना संगणक, त्याला गार ठेवायला एक छोटा पंखा, आणि वर चिकटवलेली चिठ्ठी : 'हा बंद करू नये. केल्यास स्वयंपाकघरही बंद.' चिठ्ठी नवऱ्यासाठी होती. घरात तिसरं कोणी नव्हतंच.

धाकटी म्हणजे दोन भावांतल्या धाकट्याची बायको. लग्न होऊन आली त्या दिवशी हे नाव पडलं, ते साठी उलटली तरी चिकटून होतं. टेलिफोन केंद्रात तीस वर्षं तारा जोडल्यामुळे तिला कुठल्याही यंत्राची भीती वाटत नसे. यंत्रांनाच तिची वाटत असावी. निवृत्त झाल्यावर तिने 'घरच्या घरी दुरुस्ती' नावाचा ब्लॉग काढला. नळ, फ्यूज, मिक्सर, इस्त्री. पण नुसता नळ कोण वाचणार? म्हणून ती प्रत्येक लेखात जाऊ घालायची. नळ गळत असेल तर जाऊ तो कसा पिळायची, इस्त्री बिघडली असेल तर जावेने ती कशी आपटली होती. नऊ वर्षांत तीनशे बारा लेख झाले. वाचक नळासाठी यायचे आणि जावेसाठी थांबायचे.

ही जाऊ म्हणजे अर्थातच थोरली. दोघींनी एका स्वयंपाकघरात वीस वर्षं काढली होती. पुढे घरं वेगळी झाली, आणि सासूबाईंचं शिलाई मशीन कोणी न्यायचं यावरून असं फाटलं की दोन वर्षं अबोला! मशीन दोघींपैकी एकीलाही चालवता येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी. गेल्या महिन्यात थोरलीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. धाकटी न राहवून भेटायला गेली, दोघी पोटभर रडल्या, डोळ्यांत पाणी आणायचं नाही म्हणून डॉक्टर दोघींनाही रागावले, आणि अबोला सुटला. त्या दिवसापासून धाकटीला जेवण गोड लागू लागलं होतं.

अशात शनिवारी थोरलीचा फोन आला.

"अगं, आता लख्ख दिसतंय मला! तुझं ते ब्लॉग का काय ते पाठव. उद्या चारला येतेय मी, तोवर वाचून काढते."

थोरली कधी वाचणार नाही, या एका भरवशावर नऊ वर्षं लेखणी मोकाट सुटली होती!

"नको पाठवूस," नवरा वर्तमानपत्रातून म्हणाला.

"आणि पुन्हा रुसल्या म्हणजे?"

"मग ते लेख काढून टाक."

"तीनशे बारा लेख? अहो, माझी नऊ वर्षं आहेत ती!"

शेवटी तिने पत्ता पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं : 'फोन म्हणतोय, ही जागा सुरक्षित नाही. आत जाऊ देत नाही.' धाकटीला देव पावल्यासारखं झालं. ब्लॉगची आवृत्ती सहा वर्षं जुनी होती, नव्या फोनना ती चालत नव्हती. "रविवारी सकाळी नवी आवृत्ती चढवते, मग दिसेल," असं तिने कळवलं. एक रात्र मिळाली, तेवढ्यात काहीतरी सुचेलच.

आणि सुचलं! रविवारी सकाळी तिने शहाण्या माणसासारखा आधी सगळ्या लेखांचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेतला. मग नवी आवृत्ती चढवायला घेतली. पडद्यावरची हिरवी पट्टी नव्याण्णव टक्क्यांवर जाऊन पाऊण तास बसून राहिली. तेवढा वेळ चपलांचं कपाट उघडायला बंदी होती, म्हणून नवरा घरातल्या सपाता घालूनच दूध आणायला गेला. तो परत आला तेव्हा ब्लॉग नवाकोरा झाला होता, आणि त्यात एक नवी सोय आली होती : 'शोधा आणि बदला'. ब्लॉगचा जुना पत्ता जिथे जिथे असेल तिथे नवा घालायला ती दिलेली होती. धाकटीने पत्ता बदलला. दोन सेकंदांत दोन हजार ठिकाणी बदल!

तिचे डोळे चमकले.

"अहो, लेख काढायला नकोत! 'जाऊ' काढायची आणि तिथे 'शेजारीण' घालायची. जावेचं नावच नाही, तर जाऊ रुसेल कशी?"

"बघ बाई," नवरा म्हणाला. तो आयुष्यभर नकाशे काढत होता, खोडरबराबद्दल त्याचं मत फार चांगलं नव्हतं.

तिने शोधा मध्ये 'जाऊ' घातलं, बदला मध्ये 'शेजारीण'. बटण दाबलं. एक हजार चारशे बारा ठिकाणी बदल झाला! पण ती टेलिफोन केंद्रातली, अर्धवट काम तिला खपत नसे. 'जावेने', 'जावेला', 'जावेची' ही रूपं राहिलीच होती. तिने 'जावे' काढून 'शेजारणी' घातलं. आणखी सहाशे अडतीस. "व्याकरणसुद्धा विसरले नाही मी!" असं म्हणून ती समाधानाने आंघोळीला गेली.

जाऊ ही फक्त दिराची बायको असते, हे तिने गृहीत धरलं होतं. मराठी माणूस दिवसातून शंभर वेळा कुठे ना कुठे जात असतो, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

दुपारी पावणेतीनला नवऱ्याने ब्लॉग उघडला आणि शांतपणे विचारलं, "फ्यूजच्या लेखाखाली एका वाचकाने लिहिलंय. शेजारीण बाहेरगावी गेली आहे, तर काय करू?"

"म्हणजे?"

"त्यांचं बरोबर आहे. तू लिहिलंयस, 'फ्यूज उडाल्यास घाबरून शेजारीण नका. आधी मुख्य बटण बंद करावे आणि मगच पुढे शेजारणी.'"

धाकटीने फोन हिसकावून घेतला. नळाच्या लेखात 'पाणी वाया शेजारीण नये' म्हणून बादली ठेवायला सांगितलं होतं. मिक्सरच्या लेखात 'दुकानात शेजारीणन नवं पातं आणावं' होतं. इस्त्रीबद्दल शेवटी सल्ला होता, 'एवढं करूनही तापली नाही, तर शेजारीण द्या.' आणि एका ठिकाणी 'वाचकांनी समशेजारणी' असा शब्द होता, तो तिलाही दोनदा वाचावा लागला.

"अगं बाई गं!" ती ओरडली.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. दारात समोरच्या घरातली सिस्टर उभी होती. ही इस्पितळात नर्स होती, तीन वर्षांपूर्वी समोर राहायला आलेली, अत्यंत गुणी बाई. ब्लॉगची ती आल्या दिवसापासूनची वाचक, आणि तिने आपल्या सगळ्या वॉर्डाला तो वाचायला लावला होता. आत्ता तिचा चेहरा मात्र इंजेक्शनच्या सुईसारखा होता.

"काकू, माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांगायचं होतं!"

"सिस्टर, ऐका तर..."

"'शेजारीण घोरायला लागली की भिंतीवरचं घड्याळ वाकडं होतं.' मी घोरते? 'शेजारणीने माझी कढई स्वतःची म्हणून नेली.' मी तुमची कढई बघितलेलीसुद्धा नाही! 'शेजारीण वीस वर्षं आमच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून होती!' आणि हे काय? 'शेजारणीचा नवरा म्हणजे माझ्या नवऱ्याचा सख्खा भाऊ.' काकू, माझं लग्न झालेलं नाही! सकाळपासून वॉर्डातल्या तिघींनी मला विचारलं, कधी केलंस म्हणून!"

धाकटीने तिला हाताला धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं, नवऱ्याला चहा टाकायला पिटाळलं आणि सगळी कथा सांगितली. सिस्टरला ती समजायला दोन कप लागले. तोवर साडेतीन वाजले होते.

"बॅकअप आहे ना? तो चढव," नवरा म्हणाला.

"त्याला तीन तास लागतात. ताई अर्ध्या तासात येतील!"

मग तिने घाईत एकच गोष्ट केली, जशी केली तशी उलटी फिरवली. 'शेजारीण' काढून 'जाऊ', 'शेजारणी' काढून 'जावे'. पाणी वाया जायचं थांबलं, फ्यूजवाले घाबरायचे थांबले. थोरली पुन्हा जशीच्या तशी जाऊ झाली, घोरण्यासकट, कढईसकट. "आता जे व्हायचं ते होवो," असं म्हणून धाकटी दाराकडे तोंड करून बसली. पुन्हा दोन वर्षं ताई बोलल्या नाहीत तर काय, एवढंच तिच्या मनात होतं.

चारला पाच कमी असताना थोरली आली. हातात फोन, नाकावर नवा चष्मा. खुर्चीत बसली, सिस्टरकडे बघून मान हलवली.

"टॅक्सीत वाचत आले," ती म्हणाली.

मग तिने चष्मा नीट बसवला.

"घोरण्याचं वाचलं. कढईचंही वाचलं. कढई माझीच होती, ते मी आजही सांगेन. पण हे काय लिहिलंयस?" तिने फोन डोळ्यांसमोर धरला. "'तापाने फणफणले होते तेव्हा जाऊ तीन दिवस माझ्या उशाशी बसून होती. जावेने इतक्या हलक्या हाताने इंजेक्शन दिलं की मला कळलंसुद्धा नाही.' अगं, मला सुई बघून घेरी येते! मी कोणाला इंजेक्शन दिलं?"

धाकटीच्या एकदम लक्षात आलं. जिथे मुळातच शेजारीण होती, तिथेही आता जाऊ झाली होती! हो म्हणावं की नाही, याचा तिने क्षणभर विचार केला. पण सिस्टर समोरच चहा पीत होती.

"ते तुम्ही नव्हतात ताई. या होत्या."

थोरली सिस्टरकडे वळली. "किती होता ताप?"

"एकशे चार," सिस्टर म्हणाली.

"एकशे चार! आणि हिने मला कळवलं नाही!"

"ताई, तेव्हा आपण बोलत नव्हतो ना..."

"बोलत नव्हतो! पण फोन उचलायचा नाही, असं कुठे ठरलं होतं?" थोरलीचा आवाज फाटला. "घोरण्याचं जगाला सांगितलंस ना? मग ताप आला तेवढंच सांगायला जड गेलं?"

"मला वाटलं, तुम्ही येणार नाही."

"आले नसते, तर मग लिहायचंस! लिहितेसच की नऊ वर्षं!"

धाकटी रडायला लागली. थोरलीही रडणार होती, पण डॉक्टरांची आठवण झाल्यामुळे तिने नुसतं नाक ओढलं. "तो तापाचा लेख तसाच राहू दे," ती म्हणाली. "जाऊच असू दे तिथे. पुढच्या तापाला मी येते, म्हणजे खरा होईल."

सिस्टरने कप खाली ठेवला. "वा! म्हणजे माझी इंजेक्शनं यांच्या नावावर, आणि यांचं घोरणं सकाळपासून माझ्या!"

"इंजेक्शन तुम्हीच द्या हो," थोरली घाईने म्हणाली. "मी नुसती उशाशी बसेन. तोंड फिरवून."

दुसऱ्या दिवशी धाकटीने तीन तास लावून बॅकअप चढवला. जिथली शेजारीण तिथे गेली, जिथली जाऊ तिथे आली. संध्याकाळी बघते तर घोरण्याच्या लेखाखाली थोरलीची पहिलीवहिली प्रतिक्रिया : 'साफ खोटं आहे.' आणि त्याखाली अर्ध्या तासाने आलेली, थोरल्या दिरांची : 'खरं आहे.'

धाकटीने खुशीत दोन्ही मंजूर केल्या. सध्या पुन्हा अबोला सुरू आहे. पण तो त्या नवरा-बायकोचा, त्यांच्या घरात, आणि थोरली रोज तासभर फोन करून तो धाकटीला सविस्तर सांगते.