दोनशेला चार कमी

नाना देवरे गाडी सुरू करत नाहीत. ते युनिट लाइट-अप करतात.

सकाळी आमच्या कॉलनीत दूधवाला येऊन गेला की खालून आरोळी येते, "युनिट लाइट-अप! माणसं बाजूला!" खाली माणूस एकच असतो आणि तो म्हणजे स्वतः नाना. ते आधी एकदा स्वतःलाच बाजूला करतात, मग स्टिअरिंगला अडकवलेली पत्र्याची पाटी काढतात. पाटीवर लाल अक्षरांत लिहिलंय, 'काम चालू आहे, हात लावू नये'. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त होताना लोक शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात, नानांनी साहेबांकडून ही पाटी मागून घेतली. पाटी निघाली की किल्ली फिरते, आणि तिसऱ्या मजल्यावर माझ्या मांडणीतले स्टीलचे पेले एकमेकांना धक्के मारायला लागतात.

युनिट म्हणजे दोन दारांची एक जुनी स्पोर्ट्स कार. दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागाईतदाराच्या पोराने हौसेने घेतली, नाल्यात घातली, आणि मग ती बेदाण्याच्या शेडमध्ये कोंबड्यांनी वापरली. नानांनी ती तिथून उचलून आणली तेव्हा सीटखाली अंडं निघालं होतं. रंग म्हणाल तर लाल, पण पिंपळगावच्या मार्केटात संध्याकाळी उरलेल्या टोमॅटोसारखा लाल.

या गाडीने नानांना ताशी दोनशे गाठायचे होते. वय वर्षे चौसष्ट, गुडघ्याला पट्टा, आणि दोनशे.

"का पण, नाना?" मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "उभी जिंदगी टर्बाइनपुढं बसलो, फिजिक्स. मिनिटाला तीन हजार फेरे घेतं ते. तीन हजार! आणि जातं कुठं? कुठंच नाही. तिथल्या तिथं. आता मला काहीतरी असं पाहिजे जे फिरंल आणि जाईल बी."

फिजिक्स म्हणजे मी. माझ्या दारावर नाव आणि खाली 'बी.एस्सी. (फिजिक्स)' अशी पितळी पाटी आहे. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, तेव्हा पाटी मोठी आहे आणि ती मी दर रविवारी चिंचेने घासते. कुणाला खुपत असेल तर खुपो. माझे वडील सटाण्याच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलायचे. मी ज्युनिअर कॉलेजात पोरांना वस्तुमान म्हणजे काय ते शिकवते. दोघांचाही धंदा वजनाचाच. नानाही सटाण्याकडचे. त्यामुळे जिन्यात भेटले की "काय फिजिक्स, कथी चालनी?" म्हणजे कुठं निघालीस, असं अहिराणीत विचारतात, आणि उत्तराची वाट न बघता गाडीच्या वजनाबद्दल बोलायला लागतात.

नानांची भाषा एकदा कळली की माणूस सोपा आहे. काहीही बंद पडलं की ते 'ट्रिप' होतं. मिक्सर ट्रिप होतो, लिफ्ट ट्रिप होते, शेजारच्या मुलीचं जमलेलं लग्न मोडलं तेव्हाही नाना हळहळून म्हणाले, "शेवटच्या क्षणी ट्रिप झालं, सिंक्रोनाइजच होणार होतं." आणि बायकोला ते कंट्रोल रूम म्हणतात. नानी समोर बसून लसूण सोलत असल्या तरी, "थांब, कंट्रोल रूमला विचारतो," म्हणून तोंड वळवतात.

आता दोनशेचं शास्त्र. पळायला धावपट्टी मिळणार मोजकीच, ती संपायच्या आत वेग गाठायचा, म्हणजे वजन कमी करायला हवं. हे त्यांना मी सांगितलं आणि मग कॉलनीने जे पाहिलं ते पाहिलं. एसी गेला. रेडिओ गेला. मागची सीट गेली, तिच्यावर आता वॉचमन बसतो. स्टेपनी गेली, पायपुसणी गेली. एक दिवस नाना मिशी काढून आले. "हवा धरते," म्हणाले. पुढच्या बंपरला बांधलेलं लिंबू-मिरची त्यांनी आतल्या बाजूला नेलं, कारण लिंबाला वारा अडतो. मी म्हटलं, "नाना, खिडकी वर आहे, मिशी आत आहे, तिला वारा लागतोच कुठं?" तर म्हणे, "तू फिजिक्स आहेस का न्हावी?" डॅशबोर्डवरचा पितळी गणपती मात्र राहिला. चांगला पाऊण किलोचा होता. "त्याचं वजन धरायचं नसतं," नाना म्हणाले. इथे मीही हात जोडले. सगळंच काही सिलॅबसमध्ये नसतं.

पण दोन गोष्टींना नाना हात लावू देत नव्हते. एक, ड्रायव्हरशेजारची सीट. दुसरी, जुना सायलेन्सर. विहितगावच्या रफिक मिस्त्रींच्या गॅरेजात युनिटची देखभाल चालते. ते सायलेन्सरला डबा म्हणतात. तो डबा दहा ठिकाणी वेल्डिंग केलेला, आतून गंजलेला.

"मॅडम, तुम्हीच समजवा," रफिकभाई मला म्हणाले. "इंजिनाचा श्वास कोंडतोय त्या डब्यात. नाक दाबून माणूस पळणार कसा? एकशे ऐंशीच्या पुढं जाणार नाही, लिहून देतो."

"नाना, तो डबा काढा. आणि बाजूची सीटही. कमीत कमी पंधरा-वीस किलो आहे."

"सीट नाही निघायची. लोड बॅलन्स बिघडतो."

"काहीही! उलट वजन कमी झालं तर..."

"तुझ्या पुस्तकात नाही ते," नाना म्हणाले. माझ्या पितळी पाटीचा याहून मोठा अपमान कुणी केलेला नाही.

कॉलनीला मात्र वेगळीच शंका होती. रोज दुपारी जेवणं झाली की नाना-नानी युनिटमध्ये बसून निघायचे. कधी वणी, कधी त्र्यंबक. संध्याकाळी परत. आणि इतक्या वेळा देवाला जाऊन या माणसांनी कुणाच्या हातावर प्रसादाचा एक कण ठेवला नाही! पेढा नाही, साखरफुटाणा नाही, साधा अंगारा नाही. "नारळसुद्धा तिथंच फोडून खात असतील," तळमजल्यावरच्या वहिनी म्हणायच्या. बरं, बाहेर रस्त्यावर हे दोनशेवाले कसे चालवतात, तर भाजीवाल्याच्या टेम्पोच्या मागून. दोनशे फक्त धावपट्टीवर, रस्त्यावर साठ, हा नानांचा नियम. नानी मात्र गाडीतून उतरायच्या त्या अगदी टवटवीत, आणि गालावर सीटबेल्टचा वळ.

गेल्या वर्षीच्या शर्यतीत युनिट एकशे एक्क्याऐंशीला थांबलं. धुळ्याच्या अलीकडे एका कारखानदाराची खासगी धावपट्टी आहे, तिथे वर्षातून एकदा हौशी लोक सरळ रेषेत गाड्या पळवतात. शेवटी मोठा बोर्ड असतो, त्यावर आकडा येतो. नाना आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. यंदा आयोजकांनी सांगितलं, पुढच्या वर्षीपासून साठीच्या पुढच्या माणसाला प्रवेश नाही. म्हणजे यंदाच, नाहीतर कधीच नाही.

मग मी आणि रफिकभाई दोघे मिळून नानांच्या घरी जाऊन बसलो. नाना नाही-नाही म्हणत होते. शेवटी म्हणाले, "कंट्रोल रूमला विचारतो." कंट्रोल रूम आत पोळ्या लाटत होती. तिथूनच आवाज आला, "काढा की. मला काय विचारायचं त्यात? दोनशे करायचंय ना तुम्हाला?"

शर्यतीच्या आठवडाभर आधी सीट निघाली, डबा निघाला आणि नवा सरळ पाइप बसला. त्याचा आवाज म्हणजे पत्र्याच्या पेटीवर कुणी खिळा ओढतंय. दुपारचं फिरणं बंद झालं. बसणार कशावर?

शर्यतीला आम्ही सगळे गेलो. नाना युनिटमधून पुढे, मी आणि नानी रफिकभाईंच्या टेम्पोतून मागे. टेम्पोत सीट आणि डबाही होता, कारण शर्यत संपली की रीतसर आवाज बंद करून घरी जायचं, असं रफिकभाईंचं म्हणणं. नाना प्लँटचं पिवळं हेल्मेट घालून आले होते. आयोजकांच्या माणसाने ते काढायला लावलं. "आजोबा, हे बांधकामाचं आहे." नाना म्हणाले, "आजोबा तुझे घरी."

पहिली फेरी दुपारच्या आत झाली. युनिट किंचाळत गेलं. बोर्डावर आकडा आला, एकशे शहाण्णव.

नाना उतरले ते गुडघ्याचा पट्टा विसरून पळत आले. "चार! फिजिक्स, चारच राहिले! चार म्हणजे काय, लिंबाएवढे!" दुसरी फेरी संध्याकाळी होती. रफिकभाई म्हणाले, "ऊन उतरू दे, हवा थंड झाली की दोनशे पक्के." थंड हवेत इंजिनाला जास्त ऑक्सिजन मिळतो, मीही मान डोलावली. फिजिक्स आणि गॅरेज यांचं एकमत झालं की समजावं, काम होणार.

मी ही बातमी द्यायला मांडवात नानींकडे गेले. त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. डोळे मिटायचे, मान पुढे जायची, आणि त्या दचकून जाग्या व्हायच्या. पुन्हा तेच. डोळ्यांखाली काळं झालेलं.

"नानी, बरं वाटत नाही का?"

"काही नाही गं. झोप नाही आठवडाभर." मग माझ्याकडे बघून ओशाळं हसल्या. "माझी झोप त्या डब्यात आहे."

मला वाटलं, बाई झोपेत बोलतायत.

"क्वार्टर प्लँटला लागून होतं आमचं," त्या म्हणाल्या. "रात्रंदिवस घूंऽऽ असा आवाज. लग्न होऊन आले तेव्हा रडू यायचं. मग तोच अंगाई झाला. मशीन ट्रिप झालं ना, की आवाज थांबायचा, आणि त्या शांततेनं सगळ्या कॉलनीतल्या बाया खाडकन जाग्या व्हायच्या. समजायचं, आज आपला माणूस वेळेवर येत नाही. आता फ्लॅटमध्ये आलो, सगळं शांत. मला वाटतं, काहीतरी बंद पडलंय. झोपच येत नाही. गोळ्या झाल्या, काढे झाले. एकदा यांच्यासोबत वणीला निघाले, तर त्या डब्यातून तस्साच आवाज. साठवर गाडी गेली की घूंऽऽ, उभी राहिली तरी बारीक घूं चालूच. दिंडोरी यायच्या आत झोपले."

"मग दर्शन?"

"कसलं दर्शन! यांनी उठवलंच नाही. गडाच्या पायथ्याशी गाडी चालू ठेवून बसले आणि वळवून आणलं. तेव्हापासून रोज तेच. देवी काय म्हणत असंल."

म्हणजे प्रसाद का नव्हता ते आत्ता कळलं. वहिनींना सांगायला हवं होतं, पण सांगावंसं वाटेना.

नाना पाण्याची बाटली घ्यायला मांडवात आले ते तेवढ्यात. नानींची मान पुन्हा पुढे गेली, यावेळी खुर्चीच कलंडली, मी धरली. नाना बघत राहिले. बाटली उघडली नाही.

"मी ठीक आहे," नानी म्हणाल्या. "तुम्ही दोनशे करा. मग जाऊ."

नानांनी धावपट्टीकडे पाहिलं. मग टेम्पोकडे. "रफिकभाई, डबा काढा खाली. सीट बी."

"नाना! संध्याकाळपर्यंत थांबा फक्त," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी तुम्हाला घेणार नाहीत."

"फिजिक्स," नाना म्हणाले, "आमच्याकडे एक नियम होता. सुटीवर जायचं, मरायचं, काय करायचं ते करा, पण पुढच्या पाळीचा रिलिव्हर आल्याशिवाय कुणी जागा सोडायची नाही. आणि रिलिव्हरनं वेळेवर यायचं. ही बाई आठ दिवस ड्यूटीवर आहे. तिचा रिलिव्हर मी. लेट झालोय."

बोर्डाच्या सावलीत गाडीखाली शिरून रफिकभाईंनी डबा बसवला, मग सीट. मी पान्हे देत होते. दूर लाउडस्पीकरवरून नानांचं नाव संध्याकाळच्या यादीत पुकारलं गेलं. नानांनी हात वर केला, हजर म्हणून नव्हे, 'असू द्या' म्हणून.

परतताना आम्ही मागे होतो. चौथा गियर, साठ. चांदवडच्या अलीकडे युनिटला एसटीने मागे टाकलं. कांद्याच्या पिकअपने मागे टाकलं, तिच्यावर बसलेल्या माणसाने स्पोर्ट्स कारला टाटा केला. नानांचा हात खिडकीबाहेर होता, ते सगळ्यांना पुढे जा, पुढे जा म्हणून खुणावत होते. रफिकभाईंना वाटलं, नाना खचले, म्हणून हिंमत द्यायला ते शेजारी जाऊन हॉर्न मारणार, तेवढ्यात नानांनी आमच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. पलीकडे नानींचं डोकं काचेला टेकलेलं, तोंड उघडं. रफिकभाईंचा हात हॉर्नवरून खाली आला.

आम्ही पुढे निघून घरी पोचलो तरी युनिटचा पत्ता नव्हता. दिवेलागणीला आलं. नानी उठल्या नव्हत्या म्हणून नाना सिन्नरपर्यंत जाऊन आले होते. उठल्या तर अजूनही नव्हत्या. नानांनी गाडी कॉलनीच्या पटांगणात उघड्यावर उभी केली, इंजिन चालूच ठेवलं, पाऊल न वाजवता उतरले आणि ती लाल अक्षरांची पाटी नानींच्या बाजूच्या दाराला अडकवली. 'काम चालू आहे, हात लावू नये'.

आमचे सेक्रेटरी लेंग्यावरच खाली आले. आवाजावरून नानांशी त्यांचं दर महिन्याला भांडण होतं, त्याच तयारीने आले होते. पाटी वाचली, काचेतून आत पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांना कुजबुजताना मी ऐकलं.

"नाना, असं किती वेळ?"

नाना बॉनेटला टेकून उभे होते, गुडघा चोळत. त्यांनी खांदे उडवले.

"मला रिलिव्हर नाही ना, साहेब. डबल ड्यूटी."