रंगूबाईंच्या बुद्धीची फेरतपासणी

टीव्ही पाहिल्याने माणसाची बुद्धी मंदावते की नाही, याची पाहणी बुद्धी संवर्धन कक्षाने शिराळ्याजवळच्या एका गावात सुरू केली. बुद्धी मंदावते, असे परिपत्रकाच्या पहिल्याच ओळीत नमूद असल्यामुळे पाहणीचे निम्मे काम आधीच झाले होते. आता फक्त माणसे हवी होती.

पहिल्या सापडल्या रंगूबाई. वय सत्तर; दुपारच्या भाकरीपासून रात्रीच्या भाकरीपर्यंत टीव्हीसमोर. ग्रामसेवक शिवतेजने वीस प्रश्न वाचले आणि रंगूबाईंनी मालिकेवरची नजर न हलवता वीस उत्तरे दिली. एकोणीस उत्तरे उत्तरसूचीशी जुळली. विसाव्यात सूचीच चुकली होती.

"पंचवीस शेळ्यांचं पाय पन्नास कसं रं?" रंगूबाई म्हणाल्या. "त्या काय कोंबड्या हायत व्हय?"

शिवतेजने फॉर्म उलटसुलट करून पाहिला. फॉर्मात दोनच रकाने होते : 'टीव्ही पाहतात, मंद' आणि 'पाहत नाहीत, हुशार'.

"आजी, चार-दोन चुकवा की. मला कुठंतरी टिक करायचीय."

"मी कशापायी खोटं बोलू? तुज्या कागदाला जागा न्हाई, त्यात माजा काय दोष?"

शिवतेजने वर कळवले. उत्तर तत्परतेने आले. सदर महिला हुशार आहे, त्याअर्थी ती टीव्ही पाहत नाही. पाहत नाही, त्याअर्थी तिच्या घरातील संच विनावापर पडून आहे. तो जमा करण्यात यावा.

दोन माणसे येऊन चालू टीव्ही उचलून घेऊन गेली. मालिकेतली धाकटी सून तीन वर्षांनी डोळे उघडत होती. एक उघडला होता, दुसरा बाकी होता. त्या दिवशी रंगूबाईंना घास गिळवेना. नातसून राजनंदिनीने मोबाईल पुढे केला.

"नगं गं," त्या म्हणाल्या. "एवढ्याशा डबीत माणसं गुदमरत्यात."

सकाळच्या एसटीने त्यांनी कक्षाचे इस्लामपूरचे कार्यालय गाठले आणि फेरतपासणीचा अर्ज दिला. या खेपेला नापास व्हायचेच, असा पण करून त्या अधिकारी उदयसिंहांसमोर बसल्या.

"राज्याची राजधानी?"

"शिराळा."

"दोन आणि दोन?"

"साडेपाच."

"सूर्य कुठे उगवतो?"

"आमच्या परड्यात."

साहेब अडखळले. घरामागचे परडे पूर्वेला आहे की काय, याची खातरजमा करण्यासाठी तलाठ्याला फोन लागला. परडे पश्चिमेला निघाले. वीसच्या वीस उत्तरे चुकली, तशा रंगूबाई पिशवी उचलून उठल्या.

"आता माजा टीव्ही द्या, सायेब."

"बसा, आजी. मंद माणसाचंसुद्धा एखादं उत्तर चुकून बरोबर येतं. सगळीच चुकवायची तर सगळी ठाऊक असावी लागतात. तुम्ही अतिहुशार आहात."

अतिहुशार व्यक्तींसाठी तिसरा रकाना नव्हता, मात्र एक पद रिक्त होते. रंगूबाईंची 'टीव्हीचे दुष्परिणाम' या विषयाच्या तज्ज्ञ म्हणून नेमणूक झाली. तज्ज्ञांना टीव्ही पाहण्यास मनाई होती. टीव्हीवर येण्यास नव्हती.

पुढच्या रविवारी नवे लुगडे नेसून त्या टीव्हीवर आल्या आणि समोर धरलेला मजकूर त्यांनी वाचून दाखवला : टीव्हीवर सांगितलेली कोणतीही गोष्ट खरी मानू नका. सगळ्या गावाने जेवण सोडून तो कार्यक्रम पाहिला. सगळ्यांना तो मजकूर तत्काळ पटला, कारण तो टीव्हीवर सांगितला होता.

तुम्हाला मात्र यातले काही पटत नसेल, तर वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही ते नुसते वाचले आहे.