पण टर्बोचं काय?

गाडी घ्यायची हे बायकोनं ठरवलं, जुनी घ्यायची हे बँकेतल्या शिलकेनं ठरवलं आणि डिझेलची घ्यायची हे शाळेच्या अंतरानं ठरवलं. ओरखड्यांच्या वाट्याला ठरवण्यासारखं काही उरलंच नाही, म्हणून त्यांनी काळजी करण्याचं काम अंगावर घेतलं.

ओरखडे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासत. ठोकरलेल्या गाडीभोवती सावकाश एक फेरी मारायची, कमरेत वाकायचं आणि दुःखद बातमी सांगावी तसं सांगायचं, "हा ओरखडा जुना आहे." कचेरीनं त्यावरून त्यांचं बारसं केलं होतं. इतकी वर्षं कंपनीचे पैसे वाचवून वाचवून, जगातली प्रत्येक वस्तू आतून बिघडलेलीच असते आणि फक्त आपल्या सहीची वाट बघत असते, असं त्यांचं पक्कं मत झालं होतं. पहिल्यांदा सासुरवाडीला गेले तेव्हाही बसायच्या आधी त्यांनी छताकडे बघून "ओल कुठून येते?" असं विचारलं होतं. ओल नव्हती. सासरेबुवांनी मात्र त्या दिवसापासून छताकडे बघणं सोडलं नाही.

बायको शाळेत शिक्षिका. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हाताखाली काढल्यावर तिला आता मुख्याध्यापिका केलं होतं, पण शहराबाहेरच्या शाखेवर. बस गोदामांपर्यंत जायची आणि तिथंच दम टाकायची. पुढे शाळेपर्यंत नुसता मोकळा रस्ता. सत्र सुरू होईल त्या दिवशी पहिल्या घंटेआधी हजर व्हायचं, नाहीतर पद दुसऱ्या बाईंना. त्या बाईंनी तर खुर्चीवर घालायची उशीसुद्धा बघून ठेवल्याचं शिपायानं सांगितलं होतं.

"अहो, जमत नसेल तर तसं सांगा. मी नाही म्हणून कळवते."

"जमत नाही कोण म्हणतंय? नीट बघून घेऊ म्हणतोय. डिझेल गाडी चालते तोवर स्वस्त. एकदा बसली की घर बसवते."

"चालवायची मला आहे. तुम्हाला तर हॉर्नसुद्धा वाजवता येत नाही."

"खर्च करायला चालवता यावं लागत नाही," ओरखडे म्हणाले. यात तथ्य होतं, म्हणून ती जास्तच चिडली.

गाडी सापडली ती एका दातांच्या डॉक्टरांची. आयुष्यभर दात कोरून पोट भरलेला माणूस, पण व्यवहाराला सरळ. त्यांचं घर रस्त्याच्या एका टोकाला आणि दवाखाना दुसऱ्या टोकाला. गाडी तेवढीच फिरलेली, आतून बाहेरून चकचकीत. डॉक्टरांनी ती चालू केली. ओरखड्यांनी बॉनेटला कान लावला.

"आवाज येतोय," ते म्हणाले.

"इंजिन चालू आहे," डॉक्टर म्हणाले.

"हं. आणि टर्बोचं काय?"

"काय म्हणजे? उत्तम आहे."

"गेला तर?"

"अहो, पण गेलेला नाही."

"आज नाही गेला, डॉक्टर. आज काही दुखत नाही म्हणून उद्या दुखणार नाही, असं थोडंच असतं?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. हेच वाक्य ते स्वतः रोज खुर्चीतल्या माणसाला सांगत आणि त्या वाक्यावरच त्यांचं दुमजली घर उभं होतं. त्या वाक्यात किती ताकद आहे हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? कीड लागलेल्या दाढेकडे बघावं तशा नजरेनं ते गाडीकडे बघू लागले.

बायकोनं तोवर गाडी गल्लीतून फिरवून आणली. "छान आहे. घेऊन टाकू," ती म्हणाली.

"आधी दुरुस्तीचा अंदाज घेऊ," ओरखडे म्हणाले आणि थेट गॅरेज गाठलं.

"काय बिघडलंय?" मेकॅनिकनं विचारलं.

"काही नाही. काय काय बिघडू शकतं ते सांगा."

मेकॅनिकनं हातातला पाना खाली ठेवला. असं गिऱ्हाईक त्याला जन्मात भेटलं नव्हतं. त्यानं स्टूल पुसून दिलं, दोन चहा सांगितले आणि मग गवयानं आलाप लावावा तसा इंजेक्टरपासून सुरुवात केली. इंजेक्टरवरून डिझेलच्या पंपावर आला, पंपावरून टर्बोवर. तिथं तर त्याला डोळे मिटूनच घ्यावे लागले. क्लचपाशी पोचेपर्यंत चहा निवला होता आणि ओरखड्यांनी खिशातलं पाकीट घट्ट दाबून धरलं होतं.

ते सगळं त्यांनी डॉक्टरांना ऐकवलं. डॉक्टर अंगानं पाप्याचे पितर नव्हते, पण मनानं घाबरट निघाले. त्यांनी तिथल्या तिथं किंमत उतरवली.

रस्त्यात बायको म्हणाली, "झालं ना आता मनासारखं?"

"घासाघीस न करता उतरवली. म्हणजे पाणी मुरतंय."

"नसती उतरवली तर?"

"तर माणूस लोभी, असं म्हटलं असतं. लोभी माणूस गाडीची निगा राखत नाही."

बायकोनं पुढचा अख्खा रस्ता तोंड उघडलं नाही. वर्गावर ती असंच करायची आणि वर्ग गप्प व्हायचा. ओरखडे गप्प झाले नाहीत. त्यांनी डॉक्टरांना निरोप धाडला, की किंमत राहू द्या आधीची, पण जे जे होण्यासारखं आहे ते आधी करून द्या. डॉक्टरांची झोप तशीही उडालेलीच होती. त्यांनी गाडी गॅरेजात घातली. इंजेक्टर साफ झाले, टर्बोचे नळ बदलले, पट्टे नवे बसले. ओरखडे रोज कचेरीतून परस्पर तिकडे जात आणि वाकून बघत.

"हा पट्टा नवा दिसतो."

"तुम्हीच बदलायला लावलात ना!" मेकॅनिक म्हणाला.

"हो, पण बदलला म्हणजे जुना वाईटच असणार."

"साहेब, भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत करताय तुम्ही डॉक्टरांची," मेकॅनिक म्हणाला. बोलला मात्र प्रेमानं. त्या एका गाडीवर त्याच्या गॅरेजचं पुढचं शटर नवं झालं होतं.

सत्र सोमवारी सुरू होणार होतं. शनिवारी गाडी तयार झाली, बायको पैसे घेऊन पोचली, डॉक्टरांनी गाडी चालू करून दाखवली आणि तेवढ्यात समोरच्या काचेखाली एक पिवळा दिवा लागला.

डॉक्टरांनी चावी पुन्हा पुन्हा फिरवून बघितली. ओरखड्यांच्या चेहऱ्यावर मात्र, खोटं कशाला सांगा, थोडं समाधान उमटलं.

मेकॅनिकनं वाकून बघितलं. "धुराचा फिल्टर काजळीनं भरलाय. डिझेलला लांब पळवावं लागतं, तापली की काजळी आपोआप जळते. डॉक्टरसाहेब तिला घर ते दवाखाना, दवाखाना ते घर फिरवतात. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं! हिला एकदा सुसाट नेऊन आणा."

"आणि गेला नाही दिवा तर? नवा फिल्टर?" ओरखड्यांनी विचारलं.

मेकॅनिकनं आकडा सांगितला. डॉक्टरांनी गाडीला हात टेकला.

"बसा सगळे," बायको म्हणाली. हा सूर शाळेतला होता, दोघेही मुकाट्यानं बसले. डॉक्टर पुढे, ओरखडे मागे. तिनं गाडी गोदामांच्या रस्त्याला घातली, बस जिथं संपते तो थांबा मागे टाकला आणि मोकळ्या रस्त्यावर अशी सोडली की ओरखड्यांना खिडकीची कडी धरावी लागली. शाळेच्या फाटकापाशी ती वळली. फाटक बंद होतं. पाटीवर मुख्याध्यापिकेच्या नावाची जागा रंगवून कोरी ठेवलेली होती. तिनं ती क्षणभर बघितली आणि पुन्हा वेग धरला.

अर्ध्या वाटेवर दिवा विझला.

डॉक्टर ताठ बसले. इंजिन लोण्यातून सुरी जावी तसं चाललं होतं. नवे पट्टे, नवे नळ, साफ इंजेक्टर. इतक्या वर्षांत ही गाडी त्यांना कधी कळलीच नव्हती. त्यांनी समोरच्या फळीवरून हात फिरवला.

"बाई," ते हळूच म्हणाले, "राग मानू नका. पण मी ही विकत नाही."

मागून ओरखडे म्हणाले, "असं कसं? आपलं ठरलंय!"

"कुठं ठरलंय? तुम्ही ठरू कुठं दिलंत? जुनी झाली, पुढे दुरुस्त्या निघतील म्हणून विकायला काढली होती. आता सगळी दुरुस्ती माझ्याच पैशानं होऊन बसली. आता कशाला विकू?"

आयुष्यात पहिल्यांदा एका गाडीत ओरखड्यांना एकही दोष दिसत नव्हता आणि नेमकी ती हातातून गेली होती. आरशात बायकोचे डोळे दिसत होते. ते रागावलेले असते तर बरं, असं त्यांना वाटलं. त्यांना एकदम ती कोरी पाटी आठवली.

"डॉक्टर," ते खाली बघून म्हणाले, "चूक माझी आहे. तुम्ही मागाल ती किंमत देतो. तपासणार नाही. पण गाडी द्या."

बायकोनं आरशातून नवऱ्याकडे नीट निरखून बघितलं. मग गाडी कडेला घेतली.

"विकू नका, डॉक्टर," ती म्हणाली. "पण तुम्ही ती परत घर ते दवाखानाच फिरवणार. महिन्याभरात दिवा हजर. तिला रोज लांब पळवायला कोणीतरी हवं आणि मला रोज लांब जायचंय. सकाळी मी नेते, संध्याकाळी तुमच्या दारात आणून लावते. डिझेल माझं. तुम्ही दवाखान्यात चालत जा, तब्येतीला बरं."

डॉक्टरांनी पुन्हा एकदा फळीवरून हात फिरवला. मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते ऐकून ओरखड्यांच्या अंगावर काटा आला.

"चालेल. पण टर्बोचं काय? गेला तर?"

"जे जाईल ते निम्मं निम्मं," बायको म्हणाली.

मागच्या सीटवरून एक अस्पष्ट आवाज आला. तो इंजिनाचा नव्हता.

सोमवारी पहिल्या घंटेआधी बायको शाळेत हजर होती. पाटीवर तिचं नाव चढलं. ओरखडे रोज संध्याकाळी तिची वाट बघत खिडकीत उभे राहू लागले. परक्याच्या मालकीची गाडी आणि दुरुस्ती अर्धी आपल्या बोकांडी, असा सौदा त्यांनी स्वतःच्या दुश्मनालाही मान्य करू दिला नसता. त्यांचं जेवण तुटलं. कपडे अंगावर लोंबू लागले.

एका दुपारी कचेरीत मेकॅनिकचा फोन आला. क्लच गेला होता. पूर्ण.

संध्याकाळी बायको घरात आली ती बाजू मांडायची तयारी करूनच. "अहो, माझ्या हातून काही झालेलं नाही हां. वळणावर नुसता पाय ठेवला—"

"बस. दमली असशील," ओरखडे म्हणाले. ते जेवत होते. ताटात दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं दिसत होतं.

"गॅरेजात गेला होतात?"

"जाऊन निम्मे भरून आलो. उद्या सकाळी गाडी मिळेल."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? किती जातील, किती जातील म्हणून जीव टांगणीला होता. गेले. आता कळलं तरी किती ते." ते शांतपणे घोटभर पाणी प्यायले.

तिनं त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. कपाळ गार होतं.

"डॉक्टरांचा फोन होता," ते म्हणाले. "क्लचचं ऐकून बिचाऱ्यांना चैन पडेना. म्हणतात, गाडी तुम्हीच घेऊन टाका, म्हणाल त्या किमतीला."

"मग? काय सांगितलंत?"

ओरखड्यांनी घास संपवला, हात पुसले आणि वर बघितलं. इतकं समाधानी तोंड ती लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होती.

"नाही म्हटलं. निम्म्यात परवडतंय."